विसरवाडीच्या पुलाची पहिली मेख

चीनच्या युद्धानंतरचा दुसरा पावसाळा होता. आमची इंजिनिअर कंपनी पुण्याकडे होती. विसरवाडीजवळच्या नदीवरचा पूल पुरात वाहून गेला, सुरतेकडचा रस्ता बंद पडला आणि सिव्हिलने लष्कराकडे बेली ब्रिज, म्हणजे लोखंडी पॅनल जोडून उभारायचा तात्पुरता पूल, मागितला. हुकूम सकाळी ०९०० ला आला. दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या प्लाटूनचं सामान खांडबाऱ्याच्या स्टेशनवर उतरत होतं.

खांडबारा माझं गाव. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता, आमचा नवापूर तालुका धुळे जिल्ह्यात होता. मी हवालदार होतो, वय अठ्ठावीस. गावातून भरती झालेले आम्ही दोघेच, मी आणि सॅपर, म्हणजे इंजिनिअर कंपनीतला साधा जवान, सुका. ट्रकवर पॅनल चढवताना फलाटावर ओळखीची माणसं जमली. कुणी केळी दिली, कुणी चहा आणला. मला ते फार आवडलं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्याचं मूळ त्या आवडण्यात आहे. चौकशीच्या कागदांत ते कुठेही नाही.

कंपनीत पुलाच्या कामात मुरलेली माणसं कमी होती, म्हणून इंजिनिअरांच्या दुसऱ्या ग्रुपमधून तिघे तमिळ जवान आमच्याकडे अटॅच केले होते. नाईक वेलुच्चामी, सॅपर शण्मुगम आणि सॅपर पांडी. वेलुच्चामी तेहतीस वर्षांचा, सडपातळ, कमी बोलणारा. बेली ब्रिजचा प्रत्येक पिन त्याला तोंडपाठ होता. आमच्यात त्याच्याइतके पूल कुणीच टाकले नव्हते. पण त्याला त्याच्या नावाने कुणी हाक मारत नसे. तो 'मद्रासी', फार तर 'अण्णा'. तिघे आपसांत बोलायला लागले की आमची पोरं 'यंडुगुंडू' सुरू करत. मी त्यांना कधी गप्प केलं नाही. एक-दोनदा मीच सुरुवात केली.

फटिगची, म्हणजे कष्टाच्या वरकामांची, यादी मी लिहायचो. संडासाचे चर खणायचं काम त्या तिघांकडे होतं. पाळीपाळीने नव्हे, रोज. लंगरात त्यांचा भात अर्धवट शिजायचा आणि सगळ्यांत शेवटी वाढला जायचा. वेलुच्चामीने एकदा विचारलं, "हवलदार साब, फटिग का लिस्ट बदलेगा क्या?" मी म्हणालो, "बदलेगा, जब तुम लोग रोटी खाना सीखेगा." सगळे हसले. त्याने सॅल्यूट केला आणि तो कुदळ घेऊन गेला. आज लोक विचारतात, फौजेत कसला भेदभाव? तिथे तर सगळे एक. मी त्यांना ही यादी सांगतो. यादी माझ्या अक्षरात होती.

आता होल्डफास्ट म्हणजे काय ते सांगायला हवं. बेली ब्रिज एका काठावर जोडतात आणि रोलरवरून ढकलत पलीकडे नेतात. तो एकदम पुढे पळू नये म्हणून त्याला मागून जाड दोर बांधलेला असतो. तो दोर जमिनीत ठोकलेल्या लोखंडी मेखांच्या, म्हणजे पिकेटच्या, जुडग्याला अडकवतात. त्या जुडग्याला म्हणतात होल्डफास्ट. आमच्या कंपनीत एक रिवाज होता. कुठल्या पुस्तकात तो लिहिलेला नव्हता, पण सगळे पाळत. जो पहिली मेख ठोकेल, पूल पलीकडे टेकेपर्यंत होल्डफास्ट त्याचा. दुसरी, तिसरी मेख कुणीही ठोको, जबाबदारी पहिल्याची. त्या मेखेच्या डोक्याखाली पांढऱ्या रंगाने त्याच्या नावाचं अक्षर काढत.

पाच दिवस आम्ही सामान काठावर आणलं आणि पाया सपाट केला. शेवटचे तीन दिवस उघडीप होती, चांगलं ऊन पडलं होतं. सहाव्या दिवशी सकाळी पॅनल जोडले. कॅप्टनसाहेब चार जवान घेऊन होडीने पलीकडे गेले. त्यांच्याकडे एक वायरलेस सेट, त्याचं नाव 'फार'; आमच्याकडे एक, त्याचं नाव 'होम'. पूल १६०० च्या आत टेकवायचा, असा त्यांचा हुकूम होता.

१०३० ला होल्डफास्टची जागा ठरवायची होती. वेलुच्चामीने जमिनीत कुदळ मारली. वरचा थर कडक, भेगाळलेला. त्याने हातभर खाली खणलं आणि मूठभर माती काढून माझ्यासमोर धरली. बोटांतून ती लोण्यासारखी निसटत होती.

"साब, ऊपर सूखा, नीचे गीला. पिकेट नहीं पकडेगा."

"मग?"

"लकडी का बड़ा ओंडा गाड़ेंगे. आड़ा. कमर तक गड्ढा. रस्सी उसको बाँधेंगे. दो घंटा लगेगा."

काठावर पन्नाससाठ माणसं बसली होती. विसरवाडीची, खांडबाऱ्याची. त्यांत माझे चुलते होते. त्यांनी वरून विचारलं, "आत्माराम, तो काय सांगी ऱ्हायना रे?"

मी ओरडून सांगितलं, "काका, हाऊ मद्रासी माले काळी माती शिकाडी ऱ्हायना."

काठावर हशा पिकला. एक म्हातारा म्हणाला, "सांग त्याले, तू ह्याच मातीमा लोळेल शे." पुन्हा हशा.

वेलुच्चामीला शब्द कळले नसतील, हसणं कळलं. तो शांतपणे म्हणाला, "साब, हमारा गाँव में भी यही मिट्टी है. कोविलपट्टी. मेरा बाप कपास करता था. ये मिट्टी आदमी को धोखा देता है."

हे मला माहीत नव्हतं. मद्रासकडे नारळ आणि भात एवढंच असतं, अशी माझी समजूत होती. कापूस आणि काळी जमीन आमच्या खानदेशाची. खरं सांगायचं तर तो म्हणत होता ते मलाही ठाऊक होतं. आमच्याकडे गोठ्याचा खुंटा अशा उघडिपीत कुणी ठोकत नाही, बैल तो उपटून नेतो. लहानपणापासून पाहिलेलं. पण चुलते बघत होते, गाव बघत होतं. मी म्हणालो, "पिकेटच ठोकणार." सुकाने पहिली मेख उभी धरली आणि मी घण घातला. मग सुकाने ब्रशने तिच्यावर 'आ' काढला.

वेलुच्चामीने बाकीच्या मेखा ठोकल्या. तक्रार केली नाही.

१४०० ला ढकलणं सुरू झालं. काठाचा उतार नदीकडे होता, त्यामुळे शेवटी शेवटी पूल ढकलावा लागत नव्हता, मागून धरावा लागत होता. सगळा ताण दोरावर आला. दोर हळूहळू सोडायला सातजण होते, सगळ्यांत पुढे सॅपर नारायण. सातारा भागातला, एकवीस वर्षांचा. साऱ्या प्लाटूनचा लाडका. सुकाचा जिवलग.

१५३० ला वेलुच्चामी माझ्याकडे आला.

"साब, पहला पिकेट दो उँगली आगे आया."

"दो उँगली से क्या होता है? अपनी जगह जाओ."

"साब, रोक दीजिए. आधा घंटा. मैं ओंडा गाड़ता हूँ."

तेवढ्यात सेटवर कॅप्टनसाहेबांचा आवाज आला. "'होम', 'फार' बोलतोय. होल्डफास्ट कसा आहे? ओव्हर."

मी सेट हातात घेतला. होल्डफास्ट माझ्यापासून वीस पावलांवर होता. मी मान वळवूनही पाहिलं नाही.

"फार, होम. होल्डफास्ट ओके. ओव्हर."

"रॉजर. येऊ द्या."

वेलुच्चामीने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग तो त्याच्या जागेवर न जाता पुढे रोलरकडे गेला. जाताना त्याने रुळाखालच्या लाकडी स्लीपरचा एक तुकडा खांद्यावर घेतला.

१५४० ला मेखा सुटल्या. आवाज फार झाला नाही. चिखलातून पाय उपसावा तसा आवाज, आणि सगळा जुडगा दोराबरोबर पुढे निघाला. दोर नारायणच्या छातीवर बसला. पूल रोलरवरून सुटला. पलीकडे पूल टेकायच्या जागी कॅप्टनसाहेब आणि चौघे पुलाच्या तोंडासमोर उभे होते. त्यांना बाजूला व्हायला वेळ नव्हता. वेलुच्चामीने स्लीपर रोलरवर आडवा सारला आणि अंगाने दाबून धरला. पुलाची आडवी तुळई येऊन त्यावर अडकली. पूल थांबला. तुळई आणि स्लीपर यांच्यामध्ये तो होता.

नारायण १५५५ ला गेला. वेलुच्चामीला काढायला जॅक लावावे लागले. त्याला काढलं तेव्हा १६१० झाले होते, आणि तो गेलेला होता.

१६१५ ला जवान माझ्याभोवती जमले. कुणीतरी विचारलं, "हवालदारसाहेब, होल्डफास्ट कुणाचा होता?"

मी म्हणालो, "मद्रास्याचा."

एक शब्द. तोपर्यंत मला कुणी दटावलं नव्हतं, कुणी शिकवलं नव्हतं, चौकशीचा विषयही निघाला नव्हता. मी आपण होऊन बोललो. सुका माझ्यासमोर उभा होता. मेख त्यानेच धरली होती, अक्षर त्यानेच काढलं होतं. 

१७३० ला, चांगल्या उजेडात, सहासात जणांनी शण्मुगम आणि पांडीला तंबूतून ओढून काढलं. पुढे सुका होता. हातात तंबूच्या खुंट्या आणि कमरेचे पट्टे. ते दोघे आपल्या नाईकाचे कपडे घडी करत बसले होते. पांडी ओरडत होता, "हमारा आदमी भी मरा है." शण्मुगमचं मनगट मोडलं. पांडीच्या डाव्या कानातून रक्त आलं आणि त्या कानाने त्याला पुन्हा कधी ऐकू आलं नाही. त्यांची भाताची पातेली तुडवून चेपली. मी दहा पावलांवर रेशनच्या पेटीवर बसलो होतो. मी हवालदार होतो. एक 'सावधान' पुरेसं होतं. मी ते दिलं नाही, कारण मारणारे जोवर त्यांना मारत होते तोवर मला कुणी काही विचारत नव्हतं.

कंपनीच्या सुभेदारसाहेबांनी शण्मुगम आणि पांडीच्या दुखापतीचा रिपोर्ट लिहायला सांगितला. "ट्रकमधून सामान उतरवताना पडून दुखापत," असं मी लिहिलं. खाली माझी सही. पांढऱ्या अक्षराची ती मेख मी नदीत टाकली. चौकशीत मी शपथेवर सांगितलं की होल्डफास्ट नाईक वेलुच्चामीचा होता, आणि तो आपली जागा सोडून विनाहुकूम पुढे गेला. सुकाने "होय" म्हटलं. कॅप्टनसाहेब म्हणाले, पलीकडून नीट दिसलं नाही. काठावर बसलेल्या पन्नाससाठ माणसांना कुणीच विचारलं नाही. निष्कर्ष आला: मृत नाईकाचा स्वतःचा निष्काळजीपणा. शण्मुगम आणि पांडी त्यांच्या ग्रुपमध्ये परत गेले. मला पुढे प्रमोशन मिळालं.

हे मी पंच्याऐंशी ओलांडल्यावर लिहितोय. याआधी का नाही लिहिलं? नोकरी होती, मग पेन्शन होती, मग नातवंडं झाली. सगळी कारणं भित्र्याची आहेत. बायको गेली त्या वर्षी मी, चौकशीचा तो निष्कर्ष बदला, असा पहिला अर्ज केला.

अर्जांचं काय झालं ते सांगतो, म्हणजे आज हे दुरुस्त करणं किती सोपं आहे ते लोकांना कळेल. पहिल्या कार्यालयाने कळवलं की इतका जुना कागद नष्ट झालेला असतो. मी विचारलं, मग वेलुच्चामीच्या नावापुढचा निष्काळजीपणाचा शेरा कुठून येतो? उत्तर आलं, शेरा दुसऱ्या रजिस्टरमध्ये आहे, तो नष्ट होत नाही. दुसऱ्या कार्यालयाने फॉर्म पाठवला. त्यात रकाना होता: अर्जदाराचे मृताशी नाते. मी लिहिलं, 'त्याच्या मृत्यूस जबाबदार.' फॉर्म परत आला. मी स्वतः गेलो.

खिडकीतला कारकून तरुण होता, वाईट नव्हता. म्हणाला, "बाबा, यात पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील एवढंच चालतं."

"मी यांपैकी कोणीच नाही."

"मग तुमचा काय संबंध?"

"तोच तर लिहिलाय."

"तो सिस्टिम घेत नाही, बाबा." मग त्याने खालच्या आवाजात विचारलं, "तुम्हाला कुणी त्रास देतंय का? घरात काही भांडण?"

माणूस स्वतःच्या तोंडाने गुन्हा सांगतो तेव्हा त्याचं डोकं फिरलंय असं समजायचं, ही आपली पद्धत. खोटं सांगितलं तेव्हा एका दुपारीत मान्य झालं होतं. खऱ्याला तीन वर्षं झाली.

पांडीचा पत्ता जुन्या ओळखीतून मिळाला. बँकेतल्या एका मुलाकडून इंग्रजीत पत्र लिहून घेतलं. उत्तर त्याच्या मुलीने लिहिलं होतं, ती शाळेत शिकवते. पत्र छोटं होतं. शण्मुगम वारला. बाबांना तुमची माफी नको, असं ते सांगतात. वेलुच्चामींची बायको शेवटपर्यंत बेपर्वा माणसाची विधवा म्हणून जगली. गावात सेवेत गेलेल्यांचा दगड आहे, त्यावर त्यांचं नाव शेऱ्यामुळे घेतलं नाही. बाबांना कागद हवा आहे. शपथेवर. आणि त्या संध्याकाळी कोणी मारलं आणि कोण बसून पाहत होतं, तेही त्यात लिहा. शेवटी एक ओळ होती: शक्य असेल तर दोन साक्षीदार, कारण एका म्हाताऱ्याला कुणी मानणार नाही.

दुसरा साक्षीदार एकच जिवंत आहे. सुका. खांडबाऱ्यात माझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतो. मी कागद घेऊन गेलो. तो ओट्यावर बसला होता.

"भाऊ, साठ वरीस व्हयी गयात," तो म्हणाला. "आते कसाले उकरी ऱ्हायना?"

"मेख कुणी ठोकली, सुका?"

"तू."

"धरली कुणी?"

"मी."

"तुला तेव्हाच माहीत होतं. मग त्या पोरांना का मारलं?"

त्याने हातातली काठी ओट्याला टेकवून ठेवली. मग म्हणाला, "तू हवालदार व्हता. तू सांगं मद्रास्याना. मी मानी लिधं. नारायण मरी जायेल व्हता, कोणले तरी मारनंच व्हतं. तुले मारतू का?"

"मारायला हवं होतं."

"आते सांगस." तो चिडून हसला. "तुन्हं काय जास? मन्हा नातू भरतीनी तयारी करी ऱ्हायना. आजाना नावनं असा कागद निंघना तर?"

मी रागावून उठलो. रागावायचा मला काय अधिकार, हे वाटेत लक्षात आलं.

मी एकट्यानेच नवापूरला जाऊन शपथपत्र केलं. नोटरीने तीनदा विचारलं, यात तुमचा फायदा काय. ते मी पांडीला पाठवलं आणि दोन्ही कार्यालयांना पाठवलं. कार्यालयांकडून 'आपले पत्र मिळाले' एवढं आलं.

मागच्या हिवाळ्यात तालुक्यातल्या माजी सैनिकांचा मेळावा झाला. तालुक्यातल्या शहीद आणि सेवेत मरण पावलेल्या जवानांची नावं दरवर्षी वाचतात. वाचून झाल्यावर मी उठलो आणि म्हणालो, एक नाव राहिलं. नाईक वेलुच्चामी.

संचालन करणारे गृहस्थ अदबीने म्हणाले, "दादा, ते आपल्या तालुक्याचे नव्हते."

"मेला आपल्या तालुक्यात."

"हो, पण यादी रहिवाशांची आहे. आणि त्यांच्या बाबतीत काहीतरी शेरा..."

"तो शेरा माझा आहे," मी म्हणालो, आणि या लेखात लिहिलंय ते सगळं उभ्याने सांगितलं. पंधरा मिनिटं लागली. कुणीतरी माईक बंद केला. मग मी मोठ्याने सांगितलं. पुढच्या रांगेतले दोघे घड्याळ बघत होते. शेवटी मी पुन्हा नाव घेतलं आणि सावधान उभा राहिलो. मागच्या बाजूला खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सुका काठी टेकत उभा राहिला होता. मग आणखी काही जण उभे राहिले, काही बसूनच राहिले.

बाहेर मी सुकाला गाठलं. म्हणालो, "उभं राहून भागत नाही. सही लागते."

"सकाय ये," तो म्हणाला. सकाय म्हणजे उद्या. मी दुसऱ्या दिवशी गेलो. तो म्हणाला, परवा ये. परवा गेलो तर झोपला होता. अजून जातो. आम्हा दोघांपैकी कोण आधी संपेल सांगता येत नाही, म्हणून एका साक्षीदाराचं असलं तरी हे छापायला देतोय. कापून पांडीला पाठवता येईल.

सॅपर नारायण, जिल्हा सातारा, वय एकवीस. गळा चांगला होता. दोर त्याने शेवटपर्यंत सोडला नाही. त्याच्या आईला आम्ही सांगितलं की एका मद्रास्याच्या चुकीने तुमचा मुलगा गेला. तिने ते खरं मानलं असणार. तिच्या घरचं कुणी हे वाचत असेल तर त्यांनी कृपया दुरुस्त करून घ्यावं.

नाईक वेलुच्चामी, कोविलपट्टीजवळचा, वय तेहतीस. मागे बायको आणि एक मुलगी. त्या दिवशी काय होणार हे त्याला एकट्याला कळलं होतं आणि ते त्याने दोनदा सांगितलं. त्याने जागा सोडली हे खरं आहे. ती सोडली म्हणून पलीकडचे पाचजण जगले, आणि त्यांतल्या चौघा जवानांपैकी एकाचंही नाव त्याला माहीत असेल असं मला वाटत नाही, कारण आम्ही त्याला कधी आमच्यात बसवलं नव्हतं.